जिथल्या तिथं

दत्त चौकात वाळ्याच्या ताट्यांच्या दुकानासमोर संगीता राठोड उभी होती. कूलरच्या तिन्ही बाजूंना यंदा नवे ताटे लावायचे, की एक बाजू जुन्यावरच भागवायची, हे तिचं ठरत नव्हतं, तेवढ्यात अतुल वकिलांचा फोन आला. "वहिनी, अपिलाचा निकाल लागला," ते म्हणाले आणि घसा साफ करायला थांबले. त्या थांबण्यातूनच तिला अर्धं कळलं. "उलटला. खालच्या कोर्टाचा हुकूम रद्द झाला. शेड शब्बीरभाईले परत द्या लागन." संगीता "बरं" म्हणाली. वकिलांना बहुधा ते ऐकू गेलं नसावं, कारण ते पुन्हा तेच सांगू लागले, जरा मोठ्यानं. "राजूभाऊले मी सांगू का तुमी सांगता?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "मी सांगते." फोन पर्समध्ये टाकून तिनं दुकानदाराला तिन्ही बाजूंचे ताटे बांधायला सांगितले. आपण भाव केला नाही, हे पैसे दिल्यावर तिच्या लक्षात आलं. आणि मग लक्षात आलं की आपले खांदे खाली आले आहेत.

दिवसभर डोक्यावर धरलेली पाटी मागून कोणीतरी अलगद उतरवून घ्यावी, आणि मान मात्र थोडा वेळ तशीच ताठ राहावी, तसं झालं होतं. ती घाबरली. एवढी मोठी गोष्ट हातची गेली, गिरणी ज्या जागेवर उभी आहे ती जागाच गेली, तर माणसाला रडू यायला हवं, निदान घशात काही अडकायला हवं. कदाचित हे भाजल्यासारखं असेल. चटका बसतो तेव्हा कळत नाही, आग मागून सुरू होते. म्हणून ती रसवंतीच्या बाकावर जाऊन बसली आणि आग सुरू व्हायची वाट पाहत राहिली. उसाचा रस आला. घुंगरू वाजत होते, उन्हात रिक्षावाले एकमेकांवर खेकसत होते, शेजारच्या बाकावर दोन मुली एकाच ग्लासातून पीत हसत होत्या. संगीतानं रस संपवला. तो तिला फार गोड लागला. आग आली नाही. आलं ते एवढंच, की आता घरी जाऊन हे तोंड कसं लपवायचं. नवऱ्याला, राजकुमारला, ही बातमी सांगताना चेहरा पडलेला दिसला पाहिजे, आणि तो पाडायचा कसा ते तिला समजेना.

लोहाऱ्याला, औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे रस्त्याला लागून ती शेड होती. शब्बीर आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघांच्या नावावर. शब्बीर तिथं लेथ चालवायचे, जिनिंगच्या मशिनींचे शाफ्ट आणि बुश कातून द्यायचे. थोरल्या भावानं संगीताच्या सासऱ्याशी, देवसिंग राठोडांशी, शेड विकायचा सौदा केला. इसारपत्रावर दोघा भावांच्या सह्या होत्या. पुढे थोरला पैसे घेऊन नांदेडकडे निघून गेला आणि शब्बीर म्हणाले, ही सही माझी नाही. देवसिंगांनी दावा लावला. त्यांना खोटं काही करायचं नव्हतं. पैसे मोजले होते, कागद हातात होता, सही समोर होती. कोर्टालाही ती सही खरी वाटली. उरलेली रक्कम कोर्टात भरायचा हुकूम झाला, ती भरली, आणि ताबा मिळाला. देवसिंगांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या लदेणी होती, बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहायची. त्यांचा आजा वर्षातले आठ महिने रस्त्यावर असायचा. तांड्यावरचं घर, राळेगावकडची थोडी शेती, हे सगळं नंतरचं. पण शहराच्या रस्त्यावर, कुलूप लावता येईल अशी दाराची जागा या घराण्यात पहिल्यांदाच येत होती. ताबा मिळाला त्या दिवशी देवसिंगांनी नवं पागोटं बांधलं होतं.

त्या दिवशीच्या बेलीफचं तोंडही तिला आठवत नाही. आठवते ती शब्बीरची बायको शमसुन्निसा. लेथ क्रेननं उचलून ट्रकवर चढवत होते, शब्बीर पाठ फिरवून रस्त्याकडे पाहत होते, आणि ही बाई तिच्याजवळ आली. संगीताला वाटलं, आता शिव्या देणार. तिनं पदर घट्ट धरला. शमसुन्निसा म्हणाली, "नळ सकाळीच येते, भाभी. तोटी अर्धीच खोला, पूरी खोलली तर निघून येते." एवढं सांगून ती ट्रकमध्ये चढली. त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी नळ उघडताना संगीताचा हात अर्ध्यावर थांबायचा. पुढे राजकुमारनं तोटी बदलली, तरीही थांबायचा.

तिथं डाळगिरणी उभी राहिली. राजकुमार बाजारात तूर घ्यायचा, संगीता गिरणी पाहायची; ती बी.कॉम. झाली होती आणि माणसांना चिडवल्याशिवाय काम करून घेण्याची हातोटी तिच्याकडे होती. डाळ चांगली निघायची, दारव्ह्यापर्यंत गिऱ्हाईक होतं. पण सुरुवातीची दोन वर्षं तूर पाखडायच्या मशीनमधलं लोहचुंबक साफ करताना तिला त्यावर लोखंडाची कातरण चिकटलेली दिसे, बारीक, गोल वळलेली, निळसर. जमिनीच्या भेगांतून, भिंतीच्या खाचांतून ती कुठून कुठून निघायची. संगीता ती चिमटीत धरून उन्हात पाहायची. मग राजकुमारनं जमिनीवर जाड सिमेंट टाकलं आणि कातरण यायची थांबली. पण नुसतं ते नव्हतं. फाटकाशी एखादी गाडी थांबली की तिचे कान टवकारायचे. शब्बीरच्या अपिलाची तारीख लागली की आठवडाभर आधीपासून तिला जेवण बेचव लागायचं. तारीख पुढे गेली की जेवणाला चव यायची, पण थोडीच, उधारीवर आल्यासारखी. रंगानुसार डाळ निवडणारं मशीन घ्यायचं तिच्या फार मनात होतं. बँकेच्या साहेबांनी गिरणी पाहिली, डाळ हातात घेऊन पाहिली, आणि म्हणाले, "जागेचा वाद आहे ना? तो मिटू द्या." म्हणजे जिंकलेली जागाही जिंकलेली नव्हती. ती तिथं रोज जायची, कुलूप उघडायची, आणि कोणाच्या तरी घरी पाहुणी म्हणून गेल्यावर बसतो तशी काठावर बसायची. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय.

राजकुमार गिरणीतच होता. तिनं ताटे भिंतीशी टेकवले आणि सांगितलं. तो उभ्याचा पोत्यांच्या थप्पीवर बसला. मग म्हणाला, "नागपूरले जाऊ. हायकोर्टात." तिनं मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाच ठरवता आलं नाही. "बानं जीव लावला या जागेले," तो म्हणाला. "त्याच्या डोळ्यादेखत जाऊ द्याची का? अन् तू अशी काहून उभी हायेस? काही बोलत काहून नाहीस?" ती म्हणाली, "काय बोलू? पहिले वकिलाले भेटू." पलीकडे डाळ निवडणाऱ्या बाया हात थांबवून ऐकत होत्या. त्यांच्यातली हंसाबाई सगळ्यात जुनी. ती सुपातल्या डाळीकडे पाहत म्हणाली, "दूर नेली गिरणी तर मले नाही जमाचं बापा येणं. घरी म्हातारा हाये." हे खरं नुकसान होतं, संगीताला ते स्पष्ट कळलं. आणि तरीही खांदे खालीच राहिले. तिला स्वतःची थोडी लाज वाटली.

वकिलांच्या ऑफिसात पंखा कुरकुरत होता. राजकुमार खुर्चीच्या कडेला बसून एकच विचारत होता, आमचा गुन्हा काय. अतुल वकील तसे घाईचे गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी समोरची फाइल बंद केली. "गुन्हा नाहीच, राजूभाऊ. निकालात साफ लिहिलं हाये, देवसिंगजी प्रामाणिक खरेदीदार. सही खोटी होती, पण ती त्यायनं नाही केली. हे पाहा, कोर्टाच्या हुकमानं एक वस्तू इकडून तिकडे गेली. तो हुकूमच चुकीचा ठरला, तर त्या हुकमानं जे जे हललं ते पुन्हा जिथल्या तिथं ठेवाचं. दिवाणीचं एकशे चव्वेचाळीस कलम. ही शिक्षा नोहे. कोर्टाच्या चुकीनं कोणाचंच नुकसान होऊ नये, येवढाच त्याचा अर्थ. धंद्यात तुमी काय करता? तुमचा माल चुकून दुसऱ्याच्या दुकानात उतरला, तर तो चोर झाला का? नाही. पण माल परत करा लागते." राजकुमार म्हणाला, "अन् आमचं? आमी सिमेंट टाकलं, पत्रे बदलले, थ्री फेज लाइन आणली." वकील म्हणाले, "तुमचंबी जिथल्या तिथं. इतक्या वर्षांचं जागेचं भाडं त्यायचं, तुमी घातलेलं तुमचं, एकात एक वळतं होईन. अन् कोर्टात भरलेली रक्कम तुमाले परत भेटन." संगीतानं विचारलं, "ती रक्कम त्यायनं उचलली असन ना?" वकिलांनी मान हलवली. "शब्बीरभाईनं हात नाही लावला. माह्या समोर त्याच्या वकिलानं किती खेपा सांगतलं, घ्या, तुमचाच हक्क हाये. तो म्हणे, मी जागा इकलीच नाही तर पैसे कायचे घेऊ."

संगीता खिडकीतून खाली पाहू लागली. खाली झेरॉक्सच्या दुकानाशी गर्दी होती. त्या माणसानं इतकी वर्षं, भाड्याच्या कुठल्या तरी खोपट्यात लेथ लावून, पैशांकडे पाहिलंही नाही. आणि आपण इकडे जागा वापरत होतो पण तिच्यात टेकलो नाही. दोन्हीकडची माणसं उंबरठ्यावरच उभी. ना तो बाहेर गेला, ना आपण आत आलो. वकील सांगत होते, नागपूरला जाता येईल, स्थगिती मिळेल किंवा मिळणारही नाही, आणखी काही वर्षं तर जातीलच. 'आणखी काही वर्षं' हे शब्द ऐकताच तिचे खांदे पुन्हा वर चढले. तिला ते अगदी शरीरात कळलं, जणू कोणी पाटी पुन्हा डोक्यावर ठेवली. दुपारच्या त्या रसाच्या ग्लासापासून आपल्याला काय झालं होतं, ते तिला तेव्हा उमगलं. हरल्याचं तिला बरं वाटलं नव्हतं. संपल्याचं बरं वाटलं होतं.

"मामाजी काय म्हणतीन ते पाहू," ती राजकुमारला म्हणाली. "मी जाते तांड्यावर." त्यानं हरकत घेतली नाही. बापाला तोंड दाखवायची त्याची तयारी नव्हती.

राळेगावच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. कापसाचं रान मोकळं झालं होतं, उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग बांधाबांधावर पडले होते. ती मनात वाक्यं जुळवत होती. मामाजी, निकाल लागला. मामाजी, देवाच्या मनात नव्हतं. मामाजी, आपण नागपूरला जाऊ, पण. प्रत्येक वाक्य 'पण'पाशी येऊन पडत होतं. म्हाताऱ्यानं अन्न सोडलं तर? त्या नव्या पागोट्यातला त्यांचा चेहरा तिला दिसत राहिला, ताठ, थोडा लाजलेला. लग्न होऊन ती तांड्यावर आली तेव्हा बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारा हा माणूस तिच्याशी मुद्दाम मराठीत बोलायचा, सून शिकलेली आहे म्हणून. तिला नोकरीऐवजी गिरणी सांभाळायला दिली तीही त्यांनीच. राजकुमार कुरकुरला होता, तेव्हा ते म्हणाले होते, डोकं तिचं हाये, पाय तुहे हाये, दोनी लागतात. अशा माणसाला त्याची जागा गेली हे सांगायचं, आणि वरून आपल्याला त्याचं बरं वाटतं हे लपवायचं.

देवसिंग कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. सासू, बसंतीबाई, पाणी घेऊन आली आणि सुनेचा चेहरा पाहून तिथंच थांबली. "मामाजी, शेडचा निकाल लागला," संगीता म्हणाली. जुळवलेलं सगळं विसरून गेली होती. "आपल्या बाजूनं नाही लागला."

म्हाताऱ्यानं तंबाखू मळायचं थांबवलं नाही. "म्हणजे सही त्याची नोयती," ते म्हणाले.

"कोर्ट म्हणते, नोयती."

"मंग तो खरं बोलत होता."

"हो."

"अन् मीबी खरंच बोलत होतो."

"हो मामाजी. तसंच लिहिलं हाये. तुमच्यावर ठपका नाही."

देवसिंगांनी तंबाखूची चिमूट ओठात धरली. मग म्हणाले, "माह्या आज्याच्या लदेणीत असं होये. रात्री अंधारात गोण्या उतराच्या, सकाळी पाहाचं तर गाव दुसरंच. मंग काय कराचं? पुना बैलावर लादाच्या अन् जाचं. बैलाले त्याचा राग नाही येत. माणसालेच येते." बसंतीबाई मध्येच म्हणाली, "यायले मीच म्हणत होती, त्या जागेत मन नाही लागत. ऐकते कोण." देवसिंग तिच्यावर रागावले नाहीत. संगीताकडे वळून म्हणाले, "मी तठी एकदाबी मुक्कामी राह्यलो का? तुले कधी नवल नाही वाटलं?" खरंच, ते दर वेळी शेवटच्या गाडीनं परत जायचे. गुरं आहेत, म्हणायचे. गुरं तर बसंतीबाईच पाहायची. "मले वाटलं, तुमी दोघं रमले," ते म्हणाले. "तुमच्या धंद्याची जागा झाली. म्हणून गप राह्यलो." मग विचारलं, "त्या माणसाची मशीन कुठं हाये आता?" तिला माहीत नव्हतं. "इचारून घे. उघड्यावर असन तर गंजन. अन् राजूले सांग, नागपूर नाही कराचं. बा नाही म्हणते म्हणा."

ती रडली ती तिथं. तिचं तिलाच नवल वाटलं; इतका वेळ न आलेलं रडू असं सोपं, घामासारखं येत होतं. बसंतीबाईनं तिला आत नेलं आणि ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी समोर ठेवली. संगीतानं दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

राजकुमारनं बापाचा निरोप ऐकला आणि फक्त "ठीक हाये" म्हणाला. त्यानंतर तो कामापुरतं बोलू लागला. बाभुळगावला एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम भाड्यानं मिळालं. लिखापढी त्यानंच केली, पण असा चेहरा करून, की जणू दुसऱ्या कोणाचं काम करतोय. दोन्ही वकिलांनी मिळून शेड परत करण्याचं कोर्टात लिहून दिलं. तुरीचा हंगाम संपेपर्यंत मुदत मागितली, तेव्हा शब्बीरचं उत्तर आलं, अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, थांबतो, पुढं एक दिवस नाही. संगीताला त्या उत्तराचा राग आला नाही. गोडगोड काही आलं असतं तर तिला त्याचं ओझं झालं असतं. हंसाबाईला तिनं ओळखीच्या एका मसाल्याच्या कारखान्यात लावून दिलं. हंसाबाई म्हणाली, "तठी मिरचीनं डोळे जातीन माहे." पण गेली. त्याला इलाज नव्हता. सगळं काही जिथल्या तिथं बसत नाही, थोडं सांडतंच.

ताबा द्यायच्या दिवशी सकाळीच शब्बीर आणि शमसुन्निसा आले. मागे लेथ घेऊन टेम्पो होता, आणि त्यांचा मुलगा इमरान टेम्पोतच बसून राहिला होता, खाली उतरायला तयार नसल्यासारखा. शब्बीर खूप खंगले होते, दाढी पांढरी झाली होती. शेड रिकामी होती, आवाज घुमत होता. ते आत आले, वर नव्या पत्र्यांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि शेडच्या मध्यापर्यंत जाऊन थांबले. चपलेच्या टोकानं सिमेंट चाचपू लागले. आधी एका जागी, मग थोडं बाजूला. संगीताला कळलं. ते लेथचा जुना पाया शोधत होते, आणि तो जाड सिमेंटखाली गेला होता. सगळं दिलं, किल्ली दिली, हिशेब झाला, आणि नेमकं हेच परत देता येत नव्हतं. "भाईसाब," ती म्हणाली, "पाया खाली हाये. पाह्यजे तर आमी फोडून देतो. तो आमचाच खर्च."

शब्बीरनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "राहू द्या भाभी," ते म्हणाले. "पयले मी अठी आत लावली होती, ऊन नाही लागावं म्हणून. आता आत मले दिसत नाही. डोळे गेले अर्धे. दरवाज्यापाशी लावतो, उजेडात." आणि इमरानला हाक मारून त्यांनी टेम्पो दाराशी घ्यायला सांगितला. शमसुन्निसा भिंतीवरून हात फिरवत होती. "रंग अच्छा हाये," ती म्हणाली. "मले आमची जागाच वाटून नाही राह्यली." मग स्वतःशीच हसली. "वाटन. चार दिवस जाऊ द्या."

संगीता बाहेर आली. गिरणीचं शेवटचं सामान, पट्टे, चाळण्या, दोन पंखे, त्यांच्या स्वतःच्या टेम्पोत भरून झालं होतं. राजकुमार स्टिअरिंगवर बसला, ती त्याच्या शेजारी. शहर मागे पडलं, बाभुळगावचा रस्ता लागला. उन्हं चढत होती. ती त्याचे हात पाहत होती. ते नेहमी स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले असत, तारीख असो नसो. आज चाक त्याच्या बोटांत सैल फिरत होतं. एका वळणानंतर तो समोर पाहतच म्हणाला, "एक सांगू का? बाले नको सांगू पण."

"काय?"

"मले बरं वाटून राह्यलं."

संगीतानं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला हसू आवरलं नसतं. तिनं काच पूर्ण खाली केली आणि गरम वारा आत येऊ दिला. "बाभुळगावले पोचल्यावर," ती म्हणाली, "पयले जेवू. मशीन मंग लावू."